दोन दाते खाली

मोटारगाडी विकत घ्यावयास निघालेला मनुष्य रंग पाहतो, लिटरमागे किती किलोमीटर पडतात ते विचारतो, डिकीत किती बॅगा मावतील याचा अंदाज घेतो. घरची मंडळी आसनांच्या गाद्या दाबून पाहतात. मागच्या काचेवर वायपर आहे की नाही, आणि असल्यास तो थांबतो कोठे, अशी चौकशी करणारा ग्राहक आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही. आणि तरीही आपल्या ह्या भागात, बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ह्या वाटेने गोव्यास जो जातो, त्याचा जून ते सप्टेंबर हे चार महिने त्या लहानशा काठीशी फार निकटचा संबंध येतो. कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तेथला पाऊस कसा असतो हे बेळगावकरांस सांगावयास नको. बडोद्याच्या अथवा इंदूरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की तेथे पाणी जितके वरून पडते तितकेच खालून उडते, आणि हे खालून उडणारे पाणी तांबडे असते.

हे तांबडे पाणी गाडीच्या पाठीवरच का बसते, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतो. पूर्वी आपल्या लोकांच्या दारांत ज्या गाड्या उभ्या असत, त्या ॲम्बॅसॅडर, पद्मिनी अशा, मागे डिकीचा वेगळा पेटारा काढलेल्या. त्यांच्या मागच्या काचेवर वायपर नसे आणि त्याची फारशी उणीवही भासत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मागे पेटारा नसलेली आखूड गाडी मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. आज जिला आपण हॅचबॅक म्हणतो ती हीच चाल. गाडी वेगात असता छपरावरून वाहणारा वारा पेटाऱ्याच्या गाडीत उतरत्या काचेवरून मागे घसरत जातो आणि जाताजाता थेंबही वाहून नेतो. हॅचबॅकचे छप्पर मागे एकाएकी संपते. वारा तेथेच गाडीची संगत सोडतो. मागे हवेचा दाब कमी झालेली एक पोकळी राहते आणि ती भरून काढण्यासाठी खालची व बाजूंची हवा भोवरे घेत आत शिरते. येताना ती चाकांनी उडविलेले पाणी आणि चिखल घेऊन येते. उन्हाळ्यात धावत्या बसच्या पाठीमागे पाचोळा आणि कागदाचे कपटे पळत सुटतात, तोच हा प्रकार. म्हणजे ज्या गाडीचा मागचा भाग सरळ तोडलेला, तिची मागची काच मळणारच. तिला वायपर हवाच.

पुढच्या काचेच्या वायपरचे श्रेय मेरी अँडरसन ह्या अमेरिकन बाईंकडे जाते. त्या अलाबामा राज्यातल्या. १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. आत बसून दांडा हलवावयाचा आणि बाहेरचे रबर काचेवरून फिरवावयाचे, अशी ती योजना होती. तिच्यातून बाईंना पैसा मिळाला नाही. मागे पाहण्याच्या आरशाची कथाही ऐकण्यासारखी आहे. डोरोथी लेव्हिट ह्या इंग्लिश बाईंनी १९०९ साली स्त्रियांसाठी मोटार चालविण्याविषयी एक पुस्तक लिहिले. हाताशी एक लहान आरसा ठेवावा आणि मधूनमधून तो वर धरून मागचा रस्ता पाहावा, असा सल्ला त्यांनी त्यात दिला. त्यानंतर १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून ह्या गृहस्थाने आपल्या गाडीवर आरसा बसविला आणि ती शर्यत जिंकली. हॅरूनचे नाव सर्वतोमुखी झाले. लेव्हिटबाईंचा हातातला आरसा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. चालविणाऱ्यास नीट दिसावे कसे, ह्या प्रश्नाशी स्त्रियांचा संबंध असा जुना आहे, आणि तो येथे सांगण्यास आमच्या घरचे एक कारण आहे.

आमची गाडी २०१६ सालची. दृष्टीच्या दोषामुळे आम्ही लांबच्या वाटेवर ती चालवीत नाही, सौ. चालविते. वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती शिकली आणि उत्तम शिकली. तिचे माहेर साखळीचे. आई एकोणनव्वद वर्षांची असून खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहे. दर शनिवारी पहाटे निघावयाचे, घाट उतरून आईकडे जावयाचे, तिचे न्हाणे, केस विंचरणे, चार गोष्टी बोलणे आटोपून रविवारी दुपारी परतावयाचे, हा सौ.चा नेम. घाट चढताना तिच्या हातात जो शांतपणा असतो तो आमच्या हातात कधीही नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

जुलैतल्या एका शनिवारी जांबोटीच्या बाजारात तिने केळी घेतली आणि गाडी मागे घेऊ लागली. इतक्यात एका भाजीवाल्या बाईने डिकीवर थाप मारली. "बाई, थांबा की! पोरगं हाय मागं!" सौ. उतरून पाहते तो बंपरपासून दोन हातांवर, डाव्या अंगाला, तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा गाडीच्या दिव्याकडे टक लावून उभा. काही झाले नाही. तो पोर तर हसत होता. परंतु रविवारी घरी आल्यावर सौ.ने किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली आणि ती पुन्हा घेतली नाही. पुढचे तीन शनिवार ती बसने गेली. एका खेपेस घाटात झाड पडल्यामुळे बस अडकली, ती रात्री साडेनऊला पोहोचली. आई दिवसभर दाराकडे पाहत होती.

"अहो, मी आरशात पाहिलं होतं," ती आम्हांस म्हणाली. "दोनदा पाहिलं. तिथं काही नव्हतं."

सल्ला देणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नाही. शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाले, "वहिनी उंचीने कमी आहेत, बुडाखाली उशी घ्यावी." गाडीच्या दुरुस्तीकेंद्रातल्या तरुणाने आसन वर घेऊन दाखविले आणि बाईंना सवय होईल असे सांगितले. मेहुण्यांचेही मत सवयीचेच पडले. आम्हांस हे निदान पटेना. जी बाई चोर्ल्याच्या वळणावर समोरून येणारी लाकडाची ट्रक दिव्यावरून ओळखते, तिला मागचे मूल दिसत नाही ते ठेंगणेपणामुळे, हे कसे? आणि उशीने तिचे पाय ब्रेकपासून दूर जातील ते निराळेच.

तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही टेप घेऊन अंगणात उतरलो. काचेवर जांबोटीचा चिखल तसाच होता. तो मुद्दाम धुतला नाही. आतल्या आरशाचा मध्य जमिनीपासून १२६ सेंटिमीटर भरला. मागच्या काचेची खालची कड १०४ सेंटिमीटर. दोहोंमधले आडवे अंतर २३० सेंटिमीटर. शाळेतल्या समरूप त्रिकोणांची आठवण ज्यांस असेल त्यांना पुढचे सोपे आहे. आरशापासून काचेच्या कडेवरून काढलेली रेषा जमिनीस जेथे टेकते, तेथून अलीकडचा रस्ता आरशात येऊच शकत नाही. वरील आकड्यांनी हे अंतर काचेमागे सुमारे ११ मीटर येते. इथवर ठीक. पण आमच्या गाडीचा मागचा वायपर डाव्या अंगाला, आडवा पण किंचित तिरपा थांबत असे; त्याचे टोक कडेपासून ८ सेंटिमीटर वर राही. पाते आपल्या विश्रांतीच्या जागेखाली कधी जात नाही, त्यामुळे त्याच्या खालचा त्रिकोणी तुकडा कधीच पुसला जात नसे. तेथे चिखलाचा थर बसे. म्हणजे डाव्या टोकाकडे काचेची कड प्रत्यक्षात ११२ सेंटिमीटरांवर आली. आता तीच रेषा काढा. रस्ता दिसू लागतो तो १८ मीटरांपलीकडे. आठ सेंटिमीटरांनी सात मीटर रस्ता गिळला.

मुलाच्या उंचीचे गणित याहून भयंकर निघाले. मीटरभर उंचीच्या मुलाचे डोके, काच स्वच्छ असेल तर, काचेपासून हातभर अंतरावर आले की आरशात दिसू लागावे. वायपर आणि त्याखालचा चिखल आड असता ते दोन मीटर दूर गेल्यावाचून दिसत नाही. जांबोटीचे मूल त्या दोन मीटरांच्या आत होते. सौ.ने दोनदा पाहिले आणि तेथे काही नव्हते, हे अक्षरशः खरे होते.

आणखी एक गोष्ट ह्या रेषेवरून उघड होते. ती आरशापासून निघते. चालविणाऱ्याच्या डोळ्यांपासून निघत नाही. आरसा ज्याने त्याने आपल्या डोळ्यांकडे वळवून घ्यावयाचा असतो, रेषा आहे तेथेच राहते. उंच मनुष्य असो की ठेंगणा, मागच्या काचेतून दोघांस सारखेच दिसणार. कागदावरचे गणित घरात कोणास पटत नाही, म्हणून आम्ही घरातली निळी बादली आणली. ती ३० सेंटिमीटर उंच. ती हळूहळू मागे नेत जावयाची आणि तिची कड आरशात दिसताच आतून "दिसली" म्हणावयाचे. गणिताप्रमाणे साडेतेरा मीटरांच्या आसपास दिसावयास हवी होती. सौ.ला ती १३ मीटर २० सेंटिमीटरांवर दिसली. मग तिच्या जागी आम्ही बसलो. तिची उंची चार फूट अकरा इंच, आमची पाच फूट नऊ. आमच्या खुणेची खडूची रेघ तिच्या रेघेपासून वीतभरसुद्धा दूर पडली नाही. हे सर्व सेवानिवृत्त गृहस्थ कुंपणापलीकडून पाहत होते. रेघा पाहून ते आत गेले आणि उशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्रथम जे फुकट होते ते केले. मागच्या बाकावर कोणी नसता डोक्यामागच्या उशा खाली दाबून ठेवावयाच्या आणि कोणी बसले की वर काढावयाच्या. एवढ्यानेही काच बरीच मोकळी झाली. उरला प्रश्न वायपरचा.

मागचा वायपर काढूनच टाका, असे एकाने सुचविले. पावसाळा न पाहिलेल्या माणसाचे ते बोलणे. दुसरी कल्पना आमच्या मनात आली ती वायपर उभा थांबविण्याची, आणि तिच्यात तथ्य आहे. आपले दोन डोळे शेजारी-शेजारी आहेत. आडवी काठी दोन्ही डोळ्यांसमोर सारखीच आड येते. उभी काठी दोन डोळ्यांमधल्या अंतराहून, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटरांहून, अरुंद असेल तर एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते; काठीपासून थोडे दूर गेले की लपलेले असे काही उरतच नाही. खिडकीच्या उभ्या गजांतून आपण रस्ता सुखाने पाहतो तो ह्याच न्यायाने. परंतु ही कल्पना अंमलात आणणे सोपे नाही, आणि का नाही हे समजण्यासाठी वायपरच्या पोटात शिरावे लागते.

वायपरची कळ बंद केली तरी त्याचा हात अध्येमध्ये थांबत नाही. आपल्या घरी जाऊनच थांबतो. त्याच्या लहान मोटरला विजेच्या दोन वाटा असतात. एक कळीतून येणारी, दुसरी तिला वळसा घालून येणारी. मोटरच्या आत एक दातेरी चकती फिरते आणि तिच्यावर धातूची पट्टी असते. कळ बंद झाल्यावरही दुसऱ्या वाटेने वीज चालू राहते. चकती ठरलेल्या जागी आली की तो संबंध तुटतो आणि मोटर थांबते. म्हणजे घर ठाऊक असते ते मोटरला. काचेवरच्या हाताला स्वतःचे ठिकाण नाही. मोटरची जी दांडी डिकीच्या दारातून बाहेर येते, तिचे टोक निमुळते असून त्यावर बारीक उभे दाते असतात. हाताच्या बुडाशी त्यांत बसणारे दाते असतात, आणि वरून एक नट. हात ज्या दात्यांवर बसविला असेल तेथे तो थांबेल. तो एकदोन दाते सरकवून बसविणे हे पान्याचे काम आहे, कारखान्याचे नव्हे.

पण मोटर हाताला किती अंशांतून फिरविणार हे ठरलेले आहे आणि ते आपल्या हाती नाही. विश्रांतीचे टोक जितके सरकेल तितकेच दुसरे टोकही सरकणार. विश्रांतीची जागा आडवीची उभी केली, तर दुसऱ्या टोकाला पाते काच सोडून पत्र्यावर जाऊन आपटेल. उभा थांबवावयाचा तर मोटर उघडून आतली चकती फिरविली पाहिजे, आणि ते आमच्या विद्येपलीकडचे. खाली सरकविण्यात हा धोका नाही. मात्र त्यालाही किंमत आहे. डाव्या बाजूस पाते ७-८ सेंटिमीटर खाली आले की उजव्या बाजूस तितकेच वर थांबणार आणि तिकडचा न पुसलेला तुकडा मोठा होणार. कारखान्याने दोन्ही बाजूंस सारखी वाटणी केली होती, आणि ती काही वेडेपणाने केलेली नव्हती. पुसलेला पंखा काचेच्या मधोमध यावा, हा त्यांचा हिशेब. आम्हांस डावी बाजू हवी होती. उजव्या अंगाने पुढे जाणारा मनुष्य बाहेरच्या उजव्या आरशात दिसतो, तो चालविणाऱ्याच्या हातभर अंतरावर असतो. डावीकडून घुसणारे स्कूटरवाले, आणि वस्तीत रस्त्याच्या डाव्या कडेला खेळणारी मुले, ही खरी चिंता. शिवाय उजव्या तुकड्याची हानी पावसापुरती, आणि डाव्या बाजूचा अडथळा बारमाही. कोणती बाजू द्यावयाची हे आम्ही ठरविले नाही. सौ.समोर दोन्ही चित्रे काढून ठेवली. तिने क्षणभर पाहून डाव्या बाजूवर बोट ठेवले.

आमच्या ओळखीचे एक मेस्त्री शहापुरात आहेत. त्यांना विचारले. ते म्हणाले, "काढा की साहेब, त्यात काय हाय. फकस्त काचेवर जोर नका घालू." आणि त्यांनी आपला लहान पुलर आम्हांस दिवसभरासाठी दिला. ही सूचना सोन्यासारखी आहे. पुढची काच दोन पदरांची, मध्ये चिवट पापुद्रा घातलेली असते. तडा गेला तरी जागेवर राहते. मागची बहुधा एकपदरी, तापवून कडक केलेली असते. तिच्यावर पान्याचा एक नेमका घाव बसला तर हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा ढीग हाती यावयाचा.

काम असे केले. प्रथम काच धुऊन स्वच्छ पुसली. वायपर एकदा चालवून बंद केला, म्हणजे मोटर आपल्या घरी जाऊन थांबली, आणि किल्ली काढून सौ.च्या कमरेला दिली. पाते जेथे थांबले होते तेथे काचेवर चिकटपट्टीची खूण केली. मागे फिरावेसे वाटले तर वाट माहीत असावी. हाताखाली जुन्या चादरीची चौपदरी घडी ठेवली, कारण ह्या हातात स्प्रिंग असते आणि निसटला तर तो काचेवर फटका मारतो. बुडावरचे प्लास्टिकचे टोपण नखाने उचलले. आत दहा नंबरचा नट. तो सहज सुटला, पण हात जागचा हलेना. हात एका धातूचा, दांडी दुसऱ्या. आठ-नऊ पावसाळ्यांचे पाणी त्यांच्या सांध्यात मुरलेले. गंज सुटण्याचे तेल सोडले आणि चहा घेतला. नट दोन आटे परत चढवून ठेवला, म्हणजे हात एकदम उडून येणार नाही. मग पुलरच्या दोन नख्या हाताच्या बुडाखाली घालून मधला स्क्रू थोडा थोडा आवळला. एक "टक्" असा आवाज झाला आणि सांधा मोकळा झाला. येथे स्क्रू ड्रायव्हर खुपसून काचेच्या आधाराने उचकटण्याचा मोह होतो. मेस्त्रींचे वाक्य त्याच क्षणासाठी होते. काही गाड्यांत काच धुण्याच्या पाण्याची नळी ह्याच दांडीच्या पोटातून येते. तेथे अधिक जपावे. आमच्या गाडीत ती निराळी आहे.

जुन्या टूथब्रशने दाते साफ केले. एक दाता खाली सरकवून हात बसविला तर टोक दोन बोटे खाली आले. दोन दाते सरकवले तेव्हा पाते काचेच्या काळ्या किनारीवर येऊन निजले. ही काळी किनार काच चिकटविल्याची जागा झाकण्यासाठी असते. तिच्यातून तसेही काही दिसत नाही. तिसरा दाता पाहिला असता रबर बाहेरच्या कडेवर चढले असते. म्हणून दोनावरच थांबलो. नट हाताने बसवून पान्याने बेताचा आवळला; आटे लहान असतात, पैलवानी करू नये. काचेवर तांब्याने पाणी ओतले आणि सौ.ने कळ दाबली. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये, रबर अडखळते आणि खरे माप कळत नाही. पहिल्या फेरीला आम्ही दोन्ही टोकांना बोट लावून उभे होतो. डावे टोक किनारीवर, उजवे टोक पूर्वीपेक्षा चार-पाच बोटे वर, आणि दोहोंकडे रबर कशालाही शिवत नाही. वीस फेऱ्या झाल्या. हात घसरला नाही.

मग बादली. साडेसात-आठ मीटरांवर दिसावी असे गणित होते. ८ मीटरांच्या रेघेला यावयाच्या आधीच आतून आवाज आला, "दिसली, दिसली!" त्यानंतर सौ.ने मीटरभर उंचीची केरसुणी उलटी धरून आम्हांस बंपरला लागून उभे राहावयास सांगितले, डाव्या अंगाला. आरशात केरसुणीचे टोक दिसले. ती गाडीतून उतरली नाही, काही बोललीही नाही. बराच वेळ आरशाकडे पाहत बसली होती.

हे कायद्यात बसते काय, असे एका वकील मित्राने विचारले म्हणून सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम बदलांना प्रतिबंध करते ते नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी गाडी विसंगत होऊ नये म्हणून. नोंदणीपत्रात वायपरच्या कोनाचा रकाना नाही. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र आधी विचारून घेतलेले बरे. दुसरा आक्षेप असा की आता मागे पाहणारी यंत्रे आली आहेत, ह्या खटाटोपाचे कारण काय? जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत मागच्या अडथळ्याची सूचना देणारे उपकरण सक्तीचे झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु त्याआधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, आमचीही त्यांतलीच. आणि ते उपकरण गाडी मागे घेतानाच बोलते; पुढे जाताना डावीकडून कोण येतो हे ते सांगत नाही. कॅमेऱ्याच्या भिंगावर कणकुंबीचा चिखल बसला म्हणजे तेथेही फडके लागतेच. उलट, आरशात डोके दिसते म्हणून मान वळवून पाहणे अथवा उतरून पाहणे सोडावे, असेही कोणी समजू नये. सौ. आता वस्तीत गाडी मागे घेण्यापूर्वी एकदा उतरते. पूर्वी ती भीतीने उतरली असती. आता नेम म्हणून उतरते.

त्या शनिवारी पहाटे देवघराच्या फळीवर किल्ली नव्हती. अकराच्या सुमारास साखळीहून फोन आला, आईचे न्हाणे झाले, आणि परत येताना कोकमे आणते. उजव्या कोपऱ्यातला चिखल पावसात जमतो तो जमतोच. आमच्या जुन्या धोतराचे एक फडके तिने दाराच्या कप्प्यात ठेवले आहे आणि कणकुंबीला चहासाठी थांबते तेव्हा तेवढा कोपरा पुसून घेते. गेल्या पंधरवड्यात सेवानिवृत्त गृहस्थांच्या सूनबाई आपली गाडी घेऊन आमच्या अंगणात आल्या. त्यांची गाडी निराळ्या घडणीची, आरसा अधिक उंच, वायपर उजव्या अंगाला थांबणारा. पुन्हा टेप निघाली, निळी बादली निघाली. सूनबाई आसनावर, सौ. बादलीपाशी, आणि सासरेबुवा खडू घेऊन रेघा मारावयास. त्यांच्या गाडीला एकच दाता पुरला.